मोठ्या आरव्हीतून उन्हाळ्याची लांब ट्रिप: या चुका टाळा

मे-जून आला की आमच्या ओळखीत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात आणि मग विषय निघतोच, की एक मोठी आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊया आणि सगळे मिळून येलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊया, स्वयंपाक गाडीतच, रोज सामान उचलायची कटकट नाही. जरूर जा, आम्ही कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून तीनदा जाऊन आलोय आणि परत जाणार आहोत. पण पहिल्या वेळेस आम्ही नेहमी कारने जातो तसाच प्लॅन केला आणि सगळं तिथेच चुकलं. आरव्हीत आपण घर घेऊन निघालेलो असतो, पाणी, वीज, प्रोपेन गॅस, संडास सगळं सोबत, आणि या प्रत्येक गोष्टीला रोज वेळ द्यावा लागतो. तो वेळ आमच्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हता.

मैल बघून दिवस बसवू नका

सॅन होजेहून वेस्ट येलोस्टोन, म्हणजे पार्कच्या पश्चिम दाराशी असलेलं गाव, साधारण साडेनऊशे मैल. आय-८० ने रीनो, एल्को, वेल्स, तिथून यूएस-९३ ने ट्विन फॉल्स आणि पुढे आयडाहो फॉल्सवरून यूएस-२०. मॅपवर १५ तासांच्या आसपास दिसतं म्हणून आम्ही दोन दिवसांत बसवलं, पहिल्या दिवशी एल्को, म्हणजे पाचशे मैलांच्या वर. गाडी ताब्यात घेताना तो माणूस सगळं समजावून सांगतो त्यात दीड तास गेला, मग सामान लावलं, निघेपर्यंत अकरा वाजून गेले. सिएरा पर्वताच्या चढावर गाडी ट्रकच्या लेनमध्ये हळूहळू चढते (डॉनर समिटला रस्ता सात हजार फुटांच्या वर जातो), पुढे नेवाडात आडवा वारा, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते मग आत ओढली जाते, त्यामुळे ताशी साठ मैलांच्या वर न्यायची हिंमत होत नाही, आणि नेऊही नये. एल्कोला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. कॅम्पग्राउंडचं, म्हणजे आरव्ही मुक्कामाला लावायच्या जागेचं ऑफिस बंद, आजूबाजूचे सगळे झोपलेले, आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात जन्मात पहिल्यांदा पाण्याचा पाइप आणि विजेची केबल जोडतोय. आई काही बोलली नाही, पण सकाळी तिच्या पायांवर मोज्यांच्या इलॅस्टिकचा खोल वळ होता आणि घोटे सुजलेले. ते बघून मला फार वाईट वाटलं.

इथे आरव्हीवाल्यांचा एक ३-३-३ चा नियम आहे, दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी पोचायचं आणि एका जागी ३ रात्री राहायचं. तिसरा भाग सगळ्यांना रजेत बसत नाही, पण पहिले दोन तरी पाळाच. आता आम्ही फर्नली, एल्को आणि ट्विन फॉल्स असे तीन मुक्काम करतो आणि चौथ्या दिवशी वेस्ट येलोस्टोन. ट्विन फॉल्सला आरामात शोशोनी फॉल्स बघून होतो, २१२ फुटांचा, नायगारापेक्षा उंच, फक्त उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जा कारण नंतर पाणी शेतीकडे वळवतात आणि धबधब्याची नुसती धार उरते.

खर्चाचं पण आधीच बघा. एवढी गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, भाड्याशिवाय बहुतेक ठिकाणी मैलाचे आणि जनरेटरच्या तासाचे वेगळे पैसे लागतात, भांडी आणि अंथरूण-पांघरूण हवं असेल तर त्याचे अजून वेगळे.

गाडीची उंची आणि लांबी तोंडपाठ हवी

३० फुटी क्लास सी गाडी (ट्रक-व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली) छतावरच्या एसीसकट १२ फुटांच्या आसपास जाते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, कारण फोनवरच्या साध्या मॅपला गाडीची उंची माहीत नसते आणि तो खुशाल कमी उंचीच्या पुलाखालून नेतो. ड्राइव्ह-थ्रूत घुसू नका, कॅम्पग्राउंडमधल्या झाडांच्या फांद्या बघा. भाड्याच्या इन्शुरन्समध्ये छताचं नुकसान बऱ्याचदा कव्हरच नसतं, आणि क्रेडिट कार्डावर कार भाड्याने घेतल्यावर जे कव्हर मिळतं ते बहुधा आरव्हीला लागू होत नाही, ते आधी फोन करून विचारा.

लांबीचा फटका पार्कांत बसतो. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड, ज्याच्यासाठी लोक तिथवर जातात, त्यावर अव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे तिथे पोचल्यावर कळलं. युटातल्या झायन नॅशनल पार्कमधला बोगदा १९३० सालचा आहे, मोठ्या गाड्यांच्या मापाचा नाही, तिथले निर्बंध जायच्या आधी पार्कच्या साइटवर वाचून घ्या. आणि येलोस्टोनहून जॅक्सनमार्गे आयडाहोत उतरताना मॅप टीटन पास हा घाट दाखवेल, तिथे १० टक्के उतार आहे, मोठी आरव्ही घेऊन तिकडे जाऊच नका, अल्पाइन आणि स्वान व्हॅलीवरून यूएस-२६ चा रस्ता जरा लांब पडतो पण तोच घ्या.

वळवताना मागचा भाग उलट्या बाजूला फिरतो, हे कारवाल्यांच्या लक्षातच येत नाही. मागच्या चाकांच्या मागे बराच भाग बाहेर असतो, तुम्ही उजवीकडे वळलात की तो डावीकडे झाडू मारल्यासारखा सरकतो. पेट्रोल पंपावर आम्ही असंच एका खांबाला घासता घासता वाचलो. तेव्हा बाबा म्हणाले, अगं एसटीचा ड्रायव्हर बघ कसा आधी गाडी पूर्ण पुढे काढतो आणि मग वळवतो, घाईने वळवलं की मागचं चाक चढतंच. अगदी तसंच करायचं. आणि रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरायलाच हवं, कंडक्टर उतरतो तसं. ज्याने उतरायचं त्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल असंच उभं राहायचं, मागे जाऊन गाडीआड उभं राहून नुसतं "येऊ दे येऊ दे" ओरडायचं नाही, आणि थांब म्हणजे हाताचा कुठला इशारा ते आधी ठरवून घ्यायचं. बुकिंगच्या वेळी सरळ आत जाऊन सरळ पुढे निघता येईल अशी पुल-थ्रू जागा मिळाली तर तीच घ्या.

जागा आधी, गाडी नंतर

लोक आधी गाडी बुक करतात आणि मग जागा शोधतात. उलटं करा. येलोस्टोनच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडणी फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला आहे, आणि तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींची गाडीच लागते. उन्हाळ्यातल्या जागा खूप आधी जातात. इतर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर सहा महिने आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी लॉगिन करून बसायचं. प्रत्येक जागेला जास्तीत जास्त किती फूट गाडी चालेल ते लिहिलेलं असतं, ते न बघता २५ फुटी जागा घेतली तर ३० फुटी गाडी तिथे बसणार नाही. आणि आई-बाबा पाहुणे म्हणून आलेले असतील तर २०२६ पासून येलोस्टोनसकट ११ पार्कांत परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे, जास्तीचे दर आहेत, ते बजेटमध्ये धरा.

टाक्यांचं नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो

तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक ग्रे म्हणजे बेसिन-आंघोळीच्या पाण्याची आणि एक ब्लॅक म्हणजे संडासाची. सगळ्यात कॉमन चूक अशी, की कॅम्पग्राउंडला सांडपाण्याचा पाइप जोडला की लोक दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवून देतात, घरच्यासारखं सगळं वाहून जाईल म्हणून. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कधीच उघडा ठेवायचा नाही. पाणी निघून जातं, घट्ट माल तळाशी बसतो आणि वाळून त्याचा ढिगारा होतो, मग तो कशानेच हलत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी निम्म्याच्या वर भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला, आणि या पाइपाजवळ पिण्याच्या पाण्याचा पाइप कधी आणू नका.

आपल्याकडची माणसं संडासात पाणी वापरतात, त्याने टाकीचं भलंच होतं कारण पाणी जितकं जास्त तितकं चांगलं वाहतं, पण टाकी लवकर भरते, सहा माणसं असतील तर दुसऱ्याच दिवशी. म्हणून दर दोन दिवसांनी सांडपाणी सोडायची जागा रस्त्यात कुठे आहे ते आधीच ठरवून ठेवा. कागद वापरत असाल तर आरव्हीचाच, पटकन विरघळणारा. ओले वाइप्स अजिबात टाकू नका, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना.

ग्रे टाकीत फोडणीचं तेल आणि आमटीचा गाळ गेला की दोन दिवसांत बेसिनमधून असा वास मारतो की बसवत नाही. भांडी आधी पेपर टॉवेलने पुसून घ्यायची आणि मगच घासायची. स्वच्छ पाणी पण घरून पूर्ण भरून नेऊ नका जर पहिल्या मुक्कामाला नळ असेल तर, ४० गॅलन म्हणजे दीडशे किलो वजन होतं आणि ते सगळं सिएराच्या चढावर ओढून न्यावं लागतं.

स्वयंपाक आणि वीज

भारतातून आणलेला मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर चालत नाही हे इथल्यांना माहीत असतं, पण आई-बाबांची बॅग भरताना सांगायला विसरू नका. गाडीला साधारण ३० अँपची जोडणी असते, म्हणजे एका वेळी ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर तिन्ही एकदम चालू केलेत की फ्यूज पडणारच. एसी थोडा वेळ बंद करा, मायक्रोवेव्हचं उरका, मग परत लावा.

कुकर न्यायलाच हवा. फिशिंग ब्रिज ७,७०० फुटांच्या वर आहे, पाणी तिथे ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात तासभर ठेवली तरी दाणा तसाच राहतो. फोडणी करताना पंखा आणि खिडकी आधी उघडा, मिरची तेलात पडली की स्मोक अलार्म वाजतोच. तो काढून ठेवायचा मोह होतो, काढू नका, आतमध्ये प्रोपेन जळतोय आणि तिथेच मुलं झोपणार आहेत.

अडलं तर आधी हे बघा

प्लगला वीज येत नाही पण दिवे लागताहेत, तर बाथरूमच्या प्लगवरचं रिसेट बटण दाबा. दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, प्लगला बाहेरची वीज किंवा जनरेटर लागतो, म्हणून चालत्या गाडीत मायक्रोवेव्ह चालला नाही तर तो बिघडलेला नसतो.

शेगडी पेटत नाही, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून अगदी हळू उघडा, झटक्याने उघडला की आतली सुरक्षेची कळ प्रोपेनचा प्रवाह अडवते. वास येत असेल तर मात्र काही पेटवू नका, सगळ्यांना बाहेर काढा, व्हॉल्व्ह बंद करा.

पंप सारखा घुरघुरतोय, तर कुठलातरी नळ अर्धवट उघडा आहे किंवा टाकी रिकामी झालीय. फ्रिज गार होत नाही, तर गाडी सपाट उभी आहे का ते बघा, प्रोपेनवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट चालत नाही, आणि त्याला गार व्हायला रात्रभर लागते, त्यामुळे श्रीखंड आणि दूध घेऊन लगेच त्यात ठेवून निघू नका, पहिल्या दिवसापुरता बर्फाचा कूलर ठेवा.

रिकामी केली तरी टाकी भरलेलीच दाखवते, तर आतल्या सेन्सरला कागद चिकटलाय, दोन-तीन बादल्या पाणी टाकून मुक्काम हलवताना तसंच न्या आणि पुढच्या ठिकाणी सोडा.

पहाटे चार वाजता बारीक बीप बीप, हे आमच्याकडे दुसऱ्या ट्रिपला झालं. बाहेरची वीज नव्हती, जुलैत पण येलोस्टोनला रात्री पाच अंशांपर्यंत उतरतं म्हणून रात्रभर हीटर लावलेला, त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली आणि जमिनीजवळचा प्रोपेन डिटेक्टर ओरडायला लागला. सकाळी कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर लावायला परवानगी असलेली वेळ सुरू झाल्यावर दोन तास चार्ज केलं. आता जाड रजया नेतो आणि हीटर कमीवर ठेवतो.

निघायच्या आधी, रोज

चालत्या गाडीत कुणी उठायचं नाही, चहा करायला सुद्धा नाही, सगळ्यांना बेल्ट, आणि लहान मुलाची सीट पुढे तोंड असलेल्याच बाकावर. टायरची हवा सकाळी थंड असताना बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, टो-हॉलचं बटण (त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये राहते) दाबा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकचा जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. पेट्रोल भरायच्या आधी प्रोपेन बंद, आणि हिरवा पाइप इथे बहुतेक ठिकाणी डिझेलचा असतो, भारतातून आलेल्यांना हे सांगून ठेवा.

गाडीभोवतीची फेरी आम्ही बाबांकडे दिलीय. पायरी आत, केबल काढली, पाण्याचा पाइप काढला, सांडपाण्याचं झाकण लावलं, छतावरच्या खिडक्या बंद, गाडीच्या बाजूची कापडी छत्री (ऑनिंग) गुंडाळली, आतली कपाटं लॉक. ते प्रत्येक गोष्टीला हात लावून मोठ्याने म्हणतात आणि शेवटी मागच्या पत्र्यावर दोनदा थाप मारतात, तोपर्यंत नवरा गाडी चालू करत नाही.

शेवटची रात्र घरापासून शंभरेक मैलांवर घ्या. टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल आणि प्रोपेन भरून, आतून झाडून गाडी द्यावी लागते, आणि ते परत करायच्या दिवशी सकाळी थकलेल्या माणसांकडून होत नाही. गाडी घेताना आतून-बाहेरून आणि छताचा व्हिडिओ काढलेला असेल तर तो देताना हाताशी ठेवा, आमच्या पहिल्या ट्रिपला नव्हता आणि आधीच असलेल्या एका ओरखड्याचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून गेले.