मांजर घेऊन परदेशी जाताना आणि परत येताना: या चुका टाळा

नोकरीचं पत्र आलं, व्हिसा झाला, तिकीटही काढलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की मांजराचंही काहीतरी करायला हवं. असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. "पुढच्या महिन्यात निघतोय, मनीला सोबत न्यायचंय, काय करू?" जर्मनीला निघालेल्या माणसाला मला सांगावं लागतं, की पुढच्या महिन्यात मनी येऊ शकत नाही. पलीकडे शांतता पसरते. कोणाकडे तरी ठेवून जा आणि चार-पाच महिन्यांनी येऊन घेऊन जा, एवढाच सल्ला उरतो.

आमची ठमी आणि गोट्या पुण्याहून फ्रँकफर्टला गेले, तीन वर्षं तिथे राहिले आणि परत पुण्याला आले. त्या दोन्ही प्रवासांत आम्ही जे शिकलो आणि नंतर इतरांचं जे अडलेलं पाहिलं, ते इथे मांडतो. मुख्यतः युरोपबद्दल लिहितो आहे, कारण तिथलं मला नीट माहीत आहे. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा ताजा नियम स्वतः वाचाच.

तिकीट आधी, मांजराच्या तारखा नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने देशांच्या याद्या केल्या आहेत आणि भारत त्या सवलतीच्या यादीत नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या मांजराला नुसती लस पुरत नाही. लसीने अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती आली आहे, हे रक्त तपासून दाखवावं लागतं. यालाच सगळे टायटर टेस्ट म्हणतात. निकाल प्रति मिलिलिटर किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक यायला हवा.

क्रम असा असतो. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची नंबरवाली बारीक चिप. मग रेबीजची लस, तीही पिलू किमान 12 आठवड्यांचं झाल्यावर. लसीनंतर किमान 30 दिवस गेले की रक्त काढायचं. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटल्याशिवाय युरोपात पाऊल नाही. समजा, चिप आणि लस 5 जानेवारीला झाली. रक्त लवकरात लवकर 4 फेब्रुवारीला, आणि प्रवेश 4 मेच्या आधी नाही. म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी चार महिने. निकाल कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. म्हणून मी सहा महिने धरायला सांगतो. परदेशी जायचं नुसतं घरात बोलणं सुरू झालं, तरी त्या आठवड्यात चिप बसवून घ्या. पुढे जाणं रद्द झालं तरी चिप वाया जात नाही, हरवलेलं मांजर सापडायला तिचा उपयोग होतोच.

तीन महिने निकालाच्या कागदावरच्या तारखेपासून नाही, रक्त काढल्यापासून मोजतात. हे न कळल्यामुळे एका ओळखीच्या कुटुंबाने उगाच तीन आठवडे जादा घालवले. आणि रक्त कुठल्याही लॅबला पाठवून चालत नाही. युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळांची यादी असते, त्यातलीच लागते. रक्त काढण्यापूर्वी व्हेटला विचारा, नमुना नेमका कुठे जाणार आहे? उत्तर मोघम आलं तर थांबा.

लस आधी, चिप नंतर

"लस तर दरवर्षी देतोच की!" असं म्हणणाऱ्यांचं घोडं इथे अडतं. चिप बसवण्याआधी दिलेली लस युरोपच्या लेखी दिलेलीच नाही, कारण ती नेमकी याच मांजराला दिली हे सिद्ध करता येत नाही. चिप त्याच दिवशी किंवा आधी हवी. चिप 15 अंकी, आयएसओ प्रमाणाची असावी. तिचा नंबर लसीच्या कार्डावर, लॅबच्या फॉर्मवर आणि प्रमाणपत्रावर हुबेहूब एकच हवा. गोट्याच्या कार्डावर एक अंक उलटसुलट लिहिला गेला होता. रक्त काढायच्या दिवशी मी स्कॅनरवरचा आकडा कार्डाशी ताडून पाहिला म्हणून सापडला. ही सवय लावून घ्या. प्रत्येक भेटीत स्कॅन करायला सांगा आणि आकडा आपण मोठ्याने वाचा.

तशीच बूस्टरची तारीख. आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी बूस्टर दिला, तर टायटरचा निकाल पुढेही चालू राहतो, पुन्हा रक्त काढावं लागत नाही. एक दिवस जरी चुकला तरी ती नवी पहिली लस ठरते आणि आधीचा टायटर निकामी होतो. फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

सगळे देश सारखेच असतील असं धरणं

अमेरिकेत गेलेल्या मैत्रिणीने "काही लागत नाही गं" असं सांगितलं म्हणून जर्मनीची तयारी न करणारी माणसं मी पाहिली आहेत. तिचं तिच्यापुरतं खरंच होतं. अमेरिकेचं केंद्र सरकार मांजराकडे रेबीजचा दाखला मागत नाही, पण राज्यांचे वेगळे नियम असतात आणि हवाईचे तर फार कडक. जपानला टायटरनंतर 180 दिवस थांबावं लागतं आणि पोचण्याच्या 40 दिवस आधी कळवावं लागतं. ब्रिटनला मांजर केबिनमधून नेता येत नाही, कार्गोनेच. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात राहून मग जावं लागतं.

दहा दिवसांचा कागद

युरोपसाठीचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्याचं लागतं. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारचं ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसचं कार्यालय करतं, मुंबईत ते आहे. दिल्यापासून 10 दिवसांत युरोपात पोचायला हवं. म्हणजे हा कागद फार आधी घेऊन ठेवता येत नाही, आणि ऐन वेळी गणपती किंवा दिवाळीची सुट्टी आडवी आली तर पळापळ होते. कॅलेंडर समोर ठेवूनच विमान ठरवा.

यात एक खाच आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. प्रमाणपत्र इंग्रजीबरोबरच त्या देशाच्या भाषेत लागतं, जिथे तुम्ही युरोपीय संघात पहिल्यांदा उतरता. जायचं बर्लिनला पण विमान बदलायचं पॅरिसला, तर फॉर्म फ्रेंचमधला हवा. शक्य असेल तर थेट विमान घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण मांजराचे तास वाचतील.

उतरल्यावर लाल मार्गाने जाऊन कस्टमला कागद स्वतःहून दाखवायचे. हिरव्या मार्गाने सटकू नका. कागद अपुरे निघाले तर प्राण्याला परत पाठवणं, तुमच्या खर्चाने अलग ठेवणं आणि दुसरा मार्गच उरला नाही तर कायमचं झोपवणं, हे सगळं कायद्यात आहे. मालकाचा आणि मांजराचा प्रवास पाच दिवसांच्या आत व्हायला हवा, हेही लक्षात असू द्या. "मी पुढे जातो, मांजर दोन महिन्यांनी मागवतो" असं केलं तर नियम वेगळे लागतात, म्हणून त्यावेळी मालकाने स्वतः येऊन घेऊन जावं.

पिंजरा आदल्या दिवशी आणणं

कागदांइतकंच हे महत्त्वाचं, पण इथे सगळे घाई करतात. मांजराच्या डोक्यात कॅरियर म्हणजे व्हेट आणि सुई. तो माळ्यावरून काढताच ते पलंगाखाली. आम्ही दोन महिने आधी कॅरियर हॉलमध्ये उघडा ठेवला, आत आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी घातली आणि जेवण आतच द्यायला लागलो. पंधरा दिवसांनी ठमी दुपारची झोपही त्यातच काढू लागली. मग दार लावून पाच मिनिटं, मग गाडीतून सोसायटीला एक फेरी, मग कात्रजपर्यंत. तीच गोधडी न धुता प्रवासात ठेवली, कारण अनोळखी जागी तिला घराचा वास फक्त त्यातच मिळणार होता.

विमान कंपनीला मांजराची नोंद तिकिटासोबतच करायला सांगा, कारण एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. लुफ्तान्झाला पिशवी आणि मांजर मिळून 8 किलोची मर्यादा आहे, पिशवी 55 × 40 × 23 सेंटिमीटरच्या आत. एमिरेट्स मांजर केबिनमध्ये घेत नाही. तुमचा बोका धष्टपुष्ट असेल तर आधीच तोलून घ्या. कार्गोने जाणार असेल तर आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे पेटी लागते, ज्यात मांजर ताठ उभं राहू शकेल आणि वळू शकेल. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना उकाड्यात आणि ताणात श्वास घेणं जड जातं, बऱ्याच कंपन्या त्यांना कार्गोत घेतच नाहीत. घरात पर्शियन असेल तर केबिनचाच मार्ग शोधा.

आणि गुंगीचं औषध देऊ नका. विमानात रक्तदाब आणि श्वास यांवर त्याचा काय परिणाम होईल ते सांगता येत नाही, आणि गुंगलेलं मांजर दिसलं तर कंपनी चढू देत नाही. फार घाबरणारं असेल तर भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल व्हेटशी बोला आणि ते घरी आधी एकदा देऊन पाहा. मनाने काही देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

सुरक्षा तपासणीला मांजर हातात घ्यावं लागतं, रिकामी पिशवी यंत्रातून जाते. त्या गोंगाटात ते निसटलं तर विमानतळावर सापडणं कठीण. म्हणून हार्नेस, म्हणजे छातीचा पट्टा, घरूनच घालून न्या आणि बंद खोलीत तपासणी करायची विनंती करा. आम्हाला दोन्ही वेळी खोली मिळाली.

पोचल्यावर "आपोआप रुळेल" म्हणणं

पहिला आठवडा एकच खोली. लिटर (शी-शूची वाळूची पेटी), पाणी, कॅरियर, गोधडी, बस. सगळं घर एकदम उघडून देऊ नका. पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नका, जवळ जमिनीवर बसून आपलं काम करत राहा.

लक्ष दोन गोष्टींकडे. मांजर एक दिवस जेवलं नाही तर व्हेटला फोन करा, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं, जाड मांजरांत जास्तच. बोका लिटरमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. गोट्याला दुसऱ्या रात्री असं झालं. रात्रीचा आपत्कालीन दवाखाना कुठला ते आम्ही भारतातूनच शोधून ठेवलं होतं, म्हणून तो वाचला.

इथलं नेहमीचं खाणं पिशव्या भरून नेता येत नाही, मांस असलेले पदार्थ प्रवाशांना युरोपात आणायला बंदी आहे. म्हणून तिथे मिळणाऱ्या ब्रँडची सवय दोन आठवडे आधी थोडं थोडं मिसळून लावा.

जर्मन घरांतल्या खिडक्या वरून आत कलतात. त्या फटीतून बाहेर जायला गेलेलं मांजर खाली घसरून अडकतं आणि सुटायच्या धडपडीत मागचे पाय लुळे पडतात. तिथल्या व्हेटना हे इतकं परिचित आहे, की या दुखापतीला खिडकीचंच नाव आहे. पहिल्याच दिवशी जाळ्या लावा, नाहीतर खिडकी कलती ठेवूच नका. घर भाड्याने घेताना मांजर आहे हे लपवू नका. करारात कुत्री-मांजरी सरसकट बंद असं कलम चालत नाही, असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे, तरी मालकाशी आधी बोललेलं बरं. चिपची नोंद टासो या हरवलेले प्राणी शोधणाऱ्या जर्मन संस्थेत फुकट होते, तीही लगेच करा.

परतीचा विचार परतताना करणं

जातानाची फाइल लोक उतरल्यावर फेकून देतात. भारतातून निघताना मिळालेलं प्रमाणपत्र, लसींची कार्डं, टायटरचा निकाल, सगळं जपा. मांजर मूळचं इथलंच आहे हे सांगताना ते कामी येतं.

परतीत सगळ्यात फसवी गोष्ट लसीची. जर्मनीत रेबीजची लस अनेकदा तीन वर्षांसाठी मानतात, तसं मांजराच्या युरोपीय पासपोर्टवर लिहूनही मिळतं. भारतात येताना मात्र ती 30 दिवसांपूर्वीची आणि 12 महिन्यांच्या आतली लागते. दोन वर्षांपूर्वीची लस जर्मनीत वैध आणि मुंबईत अवैध. परतायचं ठरताच लसीची तारीख पाहा. त्याबरोबर तिथल्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्या क्वारंटाइन कार्यालयाचं ना-हरकत पत्र निघण्यापूर्वी हाती हवं.

प्रवेश दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद यांसारख्या ठराविक विमानतळांवरूनच होतो. पुणे, नागपूर किंवा गोव्याला थेट उतरायचा बेत करू नका. दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्या माणसाला दोन प्राणी सामानासोबत आणता येतात. त्याहून कमी काळ राहिला असाल किंवा मांजरं जास्त असतील, तर वेगळ्या परवानगीबद्दल कार्यालयाला फार आधी विचारा.

पुन्हा युरोपात जाण्याची जराही शक्यता असेल, तर निघण्यापूर्वी तिथेच टायटर करून पासपोर्टवर नोंदवून घ्या आणि पुढचे बूस्टर चुकवू नका. मग परत जाताना तीन महिने थांबावं लागत नाही. हे मला माहीत नसतं तर बहिणीचं मांजर गेल्या वर्षी इथेच अडकलं असतं.

एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या आठवड्यात मांजर आणू नका. तीन वर्षं शांत फ्लॅटमध्ये राहिलेली ठमी पहिल्या सुतळी बॉम्बला कपाटामागे शिरली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आली. गच्चीला आणि बाल्कनीला जाळी सामान उघडण्याआधी लावा, आणि चिपच्या नोंदीतला फोन नंबर त्याच दिवशी इथला करून टाका.