लंडन–पॅरिस सव्वा तासात होत नाही

लंडनला येऊन घर लागलं, बँकेत खातं उघडलं, की दुसऱ्या महिन्यात प्रत्येक जण विचारतो, "पॅरिस किती लांब हो?" सरळ रेषेत साधारण ३४४ किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूरला रस्त्याने जातो, तेवढंही नाही. विमान कंपन्या सव्वा तास सांगतात आणि आपण तिथेच फसतो.

मीही पहिल्या वर्षी फसलो. पहाटे पाचला घर सोडलं, नऊचं विमान धरलं, हॉटेलच्या दारात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे लंडनच्या हिशेबाने साडेबारा. साडेसात तासांत हवेत होतो जेमतेम तासभर. बाकीचा वेळ ट्यूब या लंडनच्या भुयारी रेल्वेने, तपासणीने, पासपोर्टच्या रांगेने आणि शार्ल द गॉल विमानतळाने खाल्ला. तो शहरापासून २५ किलोमीटर बाहेर आहे. तिथून आरईआर बी या लोकल गाडीने आत यावं लागतं. आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात हे लक्षात ठेवा. जाताना दहाचं विमान बारा वीसला उतरतं, येताना दहाचंच दहा वीसला! वीस मिनिटांत आलो म्हणून खूश होऊ नका.

माझं ऐकाल तर युरोस्टार रेल्वे धरा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून पॅरिसचं गार द्यू नॉर स्टेशन, साधारण दोन तास वीस मिनिटं, तीही थेट शहराच्या पोटात. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे उतरलात की चालू पडा. तपासणीसाठी तासभर तरी आधी पोचा. बाटल्यांना काही विमानतळांवर असते तशी १०० मिलीची अट नाही, त्यामुळे मुलांचं पाणी, तेलाची बाटली सगळं येतं. तिकीट मात्र आयत्या वेळी काढाल तर रडाल. पश्चिम लंडनमध्ये हाउन्सलोला राहणाऱ्यांना हीथ्रो विमानतळ दाराशी वाटतो, पण तिकडच्या टोकाला ती बचत संपते.

हे सगळं नंतरचं. आधी व्हिसा. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही; भारतीय पासपोर्टवर शेंगेन, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा काढावा लागतो. प्रौढांना फी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळता मिळत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. माझ्या ओळखीचे एक काका इथल्या व्हिसाच्या भरवशावर सहकुटुंब स्टेशनवर गेले आणि डबा तिथेच बाकावर बसून खाऊन घरी आले.

डब्यावरून आठवलं. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. श्रीखंड, पनीर, पेढे घरीच ठेवा. साधी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.