मौन बैठक: माळकरी, ख्रिस्ती आणि नास्तिक एकाच सतरंजीवर

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या मौन उपासनेत पुरोहित नसतो, मूर्ती नसते, ठरलेली प्रार्थना नसते. तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर उठून थोडं बोलायचं आणि पुन्हा बसायचं. 17व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी ही रीत पाडली. मूळ ख्रिस्ती, तरी आज ब्रिटनमधल्या बैठकांत येशूला मानणारे, बुद्धाकडे वळलेले आणि देव नाकारणारे शेजारीशेजारी बसतात. केनियात क्वेकर सर्वांत जास्त, पण तिथे बहुतेक ठिकाणी पाद्री आणि गाणी असतात. भुसावळहून इटारसीच्या पुढे गेलं की होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) लागतं. तिथे क्वेकर 19व्या शतकातच आले होते.

खानदेशात अशी बैठक जमवायची तर माणसं एका पठडीची मिळणार नाहीत. एक माळकरी, एक महानुभाव, एखादे नवापूरकडचे ख्रिस्ती, एखादा पावरा आदिवासी तरुण, आणि देवाचं नाव काढलं की भुवई उंचावणारे निवृत्त मास्तर. बैठक मोडते ती या फरकामुळे नाही. एकाच्या बोलण्याला दुसऱ्याने तिथेच उत्तर दिलं की मोडते. पुढची सगळी मांडणी हे टाळण्यासाठी आहे.

आठ ते बारा जण पुरे. सतरंजी गोल अंथरा, गुडघे दुखणाऱ्यांच्या खुर्च्या त्याच गोलात ठेवा, मागे रांग नको. फोटो, हार, उदबत्ती, दीपप्रज्वलन काही नको. ‘आधी एक अभंग होऊ द्या’ हेही नको, तसंच येशूची प्रार्थनाही नको. आपल्याकडे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांच्याशिवाय चार माणसं जमत नाहीत, म्हणून हे निमंत्रण देतानाच सांगून ठेवा. वैशाखात सकाळी सातला बसा. दहानंतर कूलर लावावा लागतो आणि त्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचं काही ऐकू येत नाही.

पहिला माणूस बसला की मौन सुरू. घंटा वाजवायची नाही. उशिरा येणाऱ्यांना ओसरीवर थांबवा आणि दहा मिनिटांनी सगळ्यांना एकदम आत घ्या. एकेक जण येत राहिला तर दरवेळी सगळ्यांची मान वळते. नवख्यांना तास झेपत नाही; पहिले तीन-चार आठवडे अर्धा तास ठेवा.

बोलण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावेच लागतात. घरून तयारी करून येऊ नये, आणि ‘आज बोलणारच नाही’ असं ठरवूनही येऊ नये. एका बैठकीत एकदाच, दोन-तीन मिनिटं. ‘मी’पासून बोलावं: ‘नाम घेताना माझं मन थांबतं’ हे चालतं, ‘नामाशिवाय गती नाही’ हे चालत नाही. ‘मी देव मानत नाही, पण या शांततेत मला बळ मिळतं’ हे चालतं. ‘देव हा भ्रम आहे’ हे नाही. एकाचं बोलणं संपल्यावर निदान पाच मिनिटं कुणी उठायचं नाही. घड्याळ लावून मोजू नका, पण उत्तर देण्याची खुमखुमी साधारण तेवढ्यात ओसरते. ओसरली नाही तर ती चर्चेची गोष्ट आहे, उपासनेची नाही.

ऐकणाऱ्यालाही काम आहे. दुसरा ‘विठ्ठल’ म्हणाला, ‘प्रभू येशू’ म्हणाला किंवा ‘निसर्ग’ म्हणाला, तर शब्दाला अडू नये; त्या माणसाला काय झालंय ते ऐकावं. 1763 मध्ये जॉन वूलमन हा अमेरिकन क्वेकर तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीत गेला होता. एका सभेत त्याने दुभाष्यांना थांबवून आपल्याच भाषेत प्रार्थना केली. त्यावर त्यांचा प्रमुख पापुनेहांग म्हणाला की, शब्द कुठून येतात ते जाणवणं मला आवडतं. तेव्हा कुणी अहिराणीत किंवा पावरीत बोललं तर भाषांतर मागू नका. ‘माले समजनं नही’ वाटलं तरी बसून राहा.

दोन जणांवर बैठकीची जबाबदारी द्या, दर तीन महिन्यांनी बदला, आणि दोघे एकाच श्रद्धेचे नकोत. कुणाचं प्रवचन सुरू झालं आणि पाच मिनिटं उलटली, तर त्यांपैकी एकाने नुसतं उभं राहावं. एवढ्याने बहुतेक जण आवरतात. नाहीच आवरलं तर ‘दादा, तुमचं पोचलं’ एवढंच म्हणावं. वेळ संपली की हेच दोघे एकमेकांशी हात मिळवतात, मग सगळे. हात मिळवायला अवघड वाटेल तिथे नमस्कार.

खरी भांडणं चहाच्या वेळी होतात, त्यामुळे मौन संपल्या संपल्या वाद नको. मुद्दा तापलाच तर वेगळा दिवस ठेवा: पाच-सहा जण, एकच प्रश्न, उदाहरणार्थ ‘प्रार्थना म्हणजे मी नेमकं काय करतो?’ प्रत्येकाने एकदा बोलायचं, मध्ये थोडं मौन, प्रतिप्रश्न नाही. मतदान तर कधीच नको. क्वेकर निर्णयसुद्धा मतं मोजून घेत नाहीत. सभेचा कल काय ते चिटणीस तिथेच लिहून वाचून दाखवतो, आणि पटलं नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो.

इतकं करूनही फाटू शकतं. 1827 मध्ये फिलाडेल्फियात बायबलचा अधिकार मोठा की अंतरीचा प्रकाश (प्रत्येकाला आतून मिळणारं देवाचं मार्गदर्शन), या वादात क्वेकरांचे दोन तट पडले. म्हणून कुणी सलग दोन बैठका चुकवल्या तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी जा. एकट्यानेच जा. तिघे गेले की त्याला वाटतं समजवायला आलेत.