पेशंट लिफ्ट घेताय? आधी पलंगाखाली बघा

पेशंट लिफ्ट म्हणजे अंथरुणातल्या माणसाला दांड्याला टांगलेल्या झोळीत बसवून उचलणारा चाकांचा सांगाडा. हाताने पंप मारायची हायड्रॉलिक की बॅटरीवरची, ते नंतर. आधी टॉर्च आणि टेप घेऊन गुडघे टेका आणि पलंगाखाली बघा. मी बघितलं नव्हतं. बाबांची उजवी बाजू गेली, त्यात वजन 78 किलो. उचलून उचलून माझी कंबर धरली तेव्हा सर्जिकलच्या दुकानातून लिफ्ट आणली. दुकानात झकास फिरली. घरी तिचे पाय आमच्या बॉक्सच्या पलंगावर ठक्कन आपटले. त्या पलंगाखाली जागाच नाही, आत गाद्या आणि आईच्या रुखवतातली भांडी. पाय पलंगाखाली शिरल्याशिवाय वरचा दांडा माणसाच्या बरोबर वर येत नाही, आणि तिरकं ओढून उचलायला गेलं तर लिफ्ट कलंडू शकते. महिनाभर तिच्यावर टॉवेल वाळले. शेवटी फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर होणारा हॉस्पिटलातला पलंग, भाड्याने आणला.

तर माप. लिफ्टचे पाय चाकांसकट साडेचार इंचांच्या आसपास उंच असतात, म्हणजे पलंगाखाली पाचेक इंच मोकळे हवेत. तेही नुसते कडेला नाही, आत दोन-अडीच फुटांपर्यंत. फाउलर बेडलाही खाली आडवा पाइप असू शकतो, वाकून बघा. पलंग पायांचा असेल तर सुताराकडून ठोकळे करून घ्या, वर खाच पाडलेले, नाहीतर घसरतात.

वजनाची मर्यादा लिहिलेली असते, वाचा. दार मोजा. उचलताना लिफ्टचे पाय फाकवलेले लागतात, दारातून नेताना मिटलेले, आणि मिटूनही ती सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद भरते. आपल्याकडच्या संडासाच्या दारातून हे धूड जाईल ही आशा सोडा. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर आणि खुर्ची ढकलत आत, एवढंच जमतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ही लिफ्ट मावते का, तेही बघा.

मधोमध उघडणारी, दोन्ही बाजूंनी बुडाखाली सरकवायची खुर्ची स्वस्त पडते म्हणून दुकानदार लिफ्टऐवजी तीच पुढे करतो. बसतं राहणाऱ्या माणसाला ती छान. पाठ धरत नसेल तर नको. आणि तिचेही पाय पलंगाखालीच जातात बरं का!

झोळीवर मात्र पैसे वाचवू नका. ती माणसाच्या मापाची हवी. मोठी झाली तर माणूस मधून खाली सरकतो. खांद्याकडचे फास आखूड लावले की माणूस बसता राहतो, लांब लावले की आडवा होतो. फासांना रंग असतात, डावी-उजवीकडे एकच रंग. शिवण उसवलीय का, दर वेळी बघा. झोळ्या दोन घ्या, एक धुण्यात असतेच. आणि पेशंटला बसवण्याआधी स्वतः बसा. पहिल्यांदा हवेत गेल्यावर बाबांनी डाव्या हाताने माझी कॉलर पकडली, ती खाली टेकेपर्यंत सोडली नाही. मी आधी बसलो असतो तर किती झोका बसतो ते त्यांना सांगता आलं असतं.

उचलताना लिफ्टच्या चाकांना ब्रेक लावायचा नसतो, बहुतेक पुस्तिकांत तसंच लिहिलेलं असतं. ती थोडी सरकून तोल धरते. ब्रेक व्हीलचेअरला. माणसं दोन, एकट्याने शहाणपणा नको. शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याने घ्या.

आता प्रवास. दिवाळीत वाईला काकांकडे गेलो. घडीची हायड्रॉलिक लिफ्ट मुद्दाम मागून आणली, चार्जिंगची भानगड नको म्हणून. डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे मागची सीट पाडून लिफ्ट घुसवली आणि आई एसटीने आली. इतकं करून तिथे दिवाण! जमिनीला चिकटलेला, सागवानी. एकदा ठेच लागूनही मी विचारलं नव्हतं. चार दिवस बाबांना चौघांनी चादरीत उचललं. म्हणून सांगतो, जिथे जाणार तिथलाही पलंग विचारा. ‘पलंग आहे ना?’ असं नाही. ‘पलंगाखाली किती जागा?’

उंबरे, उखडलेली शहाबादी, दोन्हींवर चाकं अडतात, फळी न्या. गाडीत चढवा-उतरवायला लिफ्ट धरू नका, आमच्या गाडीच्या दारात दांडा अडतो. रबरी चादर, डायपर, औषधं, ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा वाई आहे. चुलतभावाला सांगितलंय, आतल्या खोलीतल्या पलंगाखाली वीट कडेवर उभी कर, वर दोन बोटं शिरतात का बघ आणि फोटो पाठव. ‘हो दादा’ म्हणालाय. फोटो अजून आलेला नाही.