मॉनिटरिंगसाठी एजंट टाकायचा की एजंटलेस ठेवायचं, असं ठरवा

एजंट म्हणजे मशीनवरच बसवलेला, तिची माहिती मॉनिटरिंग सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्रॅम; एजंटलेस म्हणजे मशीनवर काही न बसवता सर्व्हरने बाहेरूनच माहिती विचारायची. सगळ्या मशीनसाठी एकच पद्धत ठरवायच्या भानगडीत पडू नका. आधी यादी काढा आणि प्रत्येक डिव्हाइसपुढे लिहा, ह्यावर आपल्याला काही इन्स्टॉल करता येतं का. स्विच, प्रिंटर, यूपीएसवर बहुतेक नाहीच येत, तिथे वाद संपला, एसएनएमपी (नेटवर्कवरून डिव्हाइसला माहिती विचारायचा प्रोटोकॉल) लावा.

पण लावताना व्हर्जन ३ घ्या, व्ही२सी ह्या जुन्या व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, नेटवर्कवर उघडी फिरते, आणि ती अजून 'पब्लिक'च असेल तर प्लीज आजच बदला. अजून एक, ट्रॅफिकसाठी ६४ बिटवाले काउंटर (किती डेटा गेला ते मोजणारे आकडे) निवडा. ३२ बिटचा काउंटर १ गिगाबिटची लिंक फुल चालली की साधारण ३४ सेकंदात भरून परत शून्यावर येतो, म्हणजे मिनिटाला एकदा पोल करत, म्हणजे आकडा विचारत, असाल तर ग्राफ चुकीचा येतो आणि बघणाऱ्याला वाटतं लिंक बरीच रिकामी आहे!

सर्व्हरवर मात्र मी एजंटच टाकीन. लॉग, प्रोसेस, सर्व्हिस आतून नीट दिसतात, आणि मधली लिंक थोडा वेळ गेली तरी बरेच एजंट डेटा साठवून नंतर पाठवतात. झॅबिक्स हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर असेल तर पॅसिव्हमध्ये सर्व्हर एजंटकडे १००५० पोर्टवर येतो, अॅक्टिव्हमध्ये एजंटच सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर डेटा पाठवतो, त्यामुळे लांबच्या ब्रँचला किंवा नॅटच्या मागे (राउटरमागे, खाजगी आयपीवर) असलेल्या मशीनला अॅक्टिव्ह लावा, तिकडे बाहेरून पोर्ट उघडावा लागत नाही.

एजंटलेस म्हणजे जास्त सुरक्षित असं बरेच जण धरून चालतात, मला ते पटत नाही. विंडोजला डब्ल्यूएमआयने (विंडोजमधली माहिती विचारायची सोय) विचारायचं तर १३५ पोर्ट उघडा, वर ४९१५२ ते ६५५३५ ची डायनॅमिक रेंज, आणि सगळ्या मशीनवर चालणारं एक अकाउंट मॉनिटरिंग सर्व्हरमध्ये ठेवा. तो एक सर्व्हर कुणाच्या हातात गेला की सगळंच गेलं. एजंटलेसच हवं असेल तर विनआरएम (विंडोजची रिमोट मॅनेजमेंटची सोय) ५९८६ वर लावा, एकच पोर्ट लागतो, अकाउंटला अॅडमिन राइट्स देऊ नका.

एजंटचा खरा त्रास अपग्रेडचा, तो अॅन्सिबल किंवा ग्रुप पॉलिसी अशा बऱ्याच मशीनवर एकदम काम करणाऱ्या साधनाने करा, हाताने नको. आणि एजंट बंद पडला तर डेटा यायचा थांबतो, अलर्ट वाजतच नाही, म्हणून ५ मिनिटं डेटा नाही आला तर अलर्ट हा ट्रिगर पहिल्याच दिवशी लावा. शिवाय वेबसाइटला बाहेरून एक एचटीटीपीएस चेक हवाच, कारण सर्टिफिकेट संपलं तरी आतला एजंट सीपीयू, मेमरी सगळं ओकेच सांगत राहतो.