खान्देशच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट थंड आणि शांत कसं ठेवायचं

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो. खोलीतच ३८ अंश असतील तर कोणताही फॅन प्रोसेसरला त्याखाली आणू शकत नाही. आपल्या हातात आहे ते हवेला मोकळी वाट देणं.

म्हणून पुढून बंद काचेचं कॅबिनेट दिसायला कितीही देखणं असलं तरी घेऊ नका, जाळीचंच घ्या. पुढे १४० मिमीचे दोन फॅन हवा आत घेणारे, मागे १२० मिमीचा एक बाहेर टाकणारा. मोठा फॅन कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे आवाज कमी. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवरच अडकते. बसवताना दिशा नीट बघा: फॅनच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे असतात, तिकडून हवा बाहेर पडते. इथे सर्वांत जास्त चूक होते.

चार पिनांचेच फॅन घ्या, त्यांचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेग वाढण्याला दोन-तीन सेकंदांचा उशीर द्या, म्हणजे दर क्लिकला घरघर होणार नाही.

जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. तेव्हा दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग खराब होतं. आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर नको.