कँडल ड्रेसिंग करताय? तेल आणि वनस्पतींच्या बाबतीत या चुका टाळा

विक्का (जादूचे विधी असलेला आधुनिक पंथ) किंवा एकूणच पेगन, म्हणजे निसर्गपूजक, मार्गात नवीन आलेली मंडळी विधीसाठी मेणबत्तीला तेल लावून वर वाळलेला पाला लावतात (हेच कँडल ड्रेसिंग) आणि मग ज्योत भडकली, काच तडकली की त्यात शकुन शोधत बसतात. अहो, आधी मेणबत्ती बघा! पाला जास्त झाला की तोच दुसऱ्या वातीसारखा पेट घेतो, आणि काचेच्या बरणीतल्या मेणबत्तीत तर वितळलेल्या मेणावर तरंगत काचेला चिकटून जळतो. बोटाला दोन-तीन थेंब तेल पुरे, वातीपासून अर्धा इंच जागा मोकळी सोडायची, रोझमेरी घ्यायची तर काड्या काढून बारीक चुरून अगदी चिमूटभर, आणि खाली वाळू घातलेली ताटली हवीच.

दुसरी चूक याहून वाईट, इसेन्शियल ऑइल (वनस्पतीचा तीव्र सुगंधी अर्क) तसंच्या तसं कपाळाला, मनगटाला लावणं. ३० मिली बदाम किंवा जोजोबा तेलात साधारण १२ थेंब, म्हणजे २ टक्के, एवढं बऱ्याच तेलांना चालतं. पण पैसा यावा म्हणून करायच्या विधीसाठी सगळे दालचिनीचं तेल उचलतात ना, त्याला हे प्रमाणही खूप जास्त आहे, त्वचा भाजल्यासारखी होते, ते अंगाला लावूच नका. बर्गमॉटचं (एक लिंबूवर्गीय फळ) तेल लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात. घरात मांजर असेल तर टी ट्रीचं तेल नको, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही. पेनीरॉयलचं (पुदिन्यासारखी एक वनस्पती) तेल तर माणसालाही विषारी आहे, आणि जुन्या 'उडण्याच्या मलमा'तल्या (चेटकिणी उडण्यासाठी अंगाला लावत असं म्हणतात ते) बेलाडोना-हेनबेन या विषारी वनस्पती त्वचेतूनही अंगात भिनतात, तो प्रयोग करायचाच नाही.

मगवर्ट या वनस्पतीबद्दल थोडं सविस्तर, कारण स्वप्नांशी संबंधित विधींसाठी युरोप-अमेरिकेत ती खूप वापरतात आणि आपल्याकडे मिळाली नाही की लोक दवणा घेतात. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच दवणा, आणि तो खरंच मगवर्टच्याच आर्टेमिसिया या प्रजातीतला (genus), त्यामुळे वेदीवर ठेवायला, उशीत घालायला छान, मला तर तो वास जास्त आवडतो. पण वनस्पती वेगळी आहे, मगवर्टच्या चहाची रेसिपी दवण्यावर चालवू नका. आणि गरोदर असाल तर मगवर्टही पोटात घ्यायची नाही.

धुरीसाठी जाळतात ती व्हाइट सेज विकत घेताना जरा थांबा. ती दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाची वनस्पती, तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींमधली, आणि जंगलातून चोरून खुडली जातेय. धुपासाठी रोझमेरी, ज्युनिपर आहेत की, युरोपातली जुनीच पद्धत आहे ती.

घरी तेल मुरवताना पाला कडकडीत वाळलेला हवा, ओलसर राहिला की बुरशी धरते. चार-सहा आठवड्यांनी गाळा, गडद बाटलीत भरा, वर वनस्पतीचं लॅटिन नाव आणि तारीख लिहा, आणि खवट वास आला की सरळ टाकून द्या, कितीही मंत्र म्हणून केलेलं असो.